बोल्टावरची लाल खूण

"चाकां खोलू नको, सर्वेशा... ती गाडीच भंगारात घाल."

नऊ वर्षांत सगुणने धाकट्या भावाच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते हे असलं अभद्र बोलायला! कोरगावातलं ते लग्नघर. आठ दिवसांवर गौरवीचं लग्न. ओसरीवर तिची आई कमलाक्षी तांदूळ पाखडत बसलेली. तिचे हात जागच्या जागी थांबले. तिने थोरल्या दिराकडे पाहिलं नाही.

"भंगारात? बाबांची गाडी?" सर्वेश उठून उभा राहिला. जहाजावरच्या फिटरच्या नोकरीतून तो बहिणीच्या लग्नासाठी रजेवर आला होता. "गौरवी ह्याच गाडयेतसून डिचोलीक सासरी जातली. तिचीच तशी इच्छा असा. पत्र्याचा काम झाला, इंजिन चालू झाला. म्हापशासून ब्रेकचे नवे कॅलिपर हाडलेत, ते सांजेक मी स्वता बसयतलंय. तुमच्या हातान बसयलेले आदी काढूक व्हये मा?"

वर्मी लागावं असंच ते वाक्य होतं, आणि ते लागलं. कमलाक्षी तुळशीकडे बघत म्हणाली, "ज्या हातान माजा कुंकू पुसला, तो हात माज्या दारात नको, म्हणान सांग तेंका."

सगुण मान खाली घालून परतला. दोन भावांच्या घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा होता. तो ओलांडताना आज प्रथमच त्याला आपलं वय जाणवलं.

एके काळी पेडणे तालुक्यात सगुण मेस्त्रीच्या हाताला तोड नव्हती. समुद्राच्या खाऱ्या हवेने जुन्या गाड्यांचे कॅलिपर, म्हणजे चाक धरणारे ब्रेकचे चिमटे, गंजतात, आतल्या पिना सुकतात, दट्ट्या अडकून बसतो आणि ब्रेक सोडला तरी चाक धरूनच राहतो. असली सगळी दुखणी गावोगावहून त्याच्याकडे यायची. त्याची एक रीत होती. बोल्ट आवळून, गाडी चालवून पाहून मन भरलं, की तो प्रत्येक बोल्टावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका घाली. पहिली बाटली कमलाक्षीचीच. नवी नवरी असताना तिने अर्धी सुकलेली म्हणून टाकली, ती या ब्रह्मचारी दिराने उचलून गॅरेजात नेली. "सगुण मेस्त्री बोल्टांची नखां रंगयता," म्हणून गाव हसायचा. तो म्हणायचा, "हसा. पण खूण नाय, तर ता काम माजा न्हय."

आणि मग ती चवथीच्या आदल्या दिवसाची सकाळ... गौरेशला, त्याच्या धाकट्या भावाला, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला डिचोलीच्या बाजाराला जायचं होतं, आणि त्याआधी गाडीचे गंजलेले कॅलिपर बदलायचे होते. आदल्या दिवशी सगुणला तुयेच्या कारखान्यात ट्रक बंद पडला म्हणून बोलावणं आलं. पुतण्या सर्वेश नुकताच आयटीआय होऊन काकाच्या हाताखाली लागलेला, अठरा वर्षांचा. "जुने कॅलिपर काढून ठेव, नवे मी येवन बसयतंय," एवढं सांगून सगुण गेला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर परतला. तोवर मुलाने वडिलांना खूश करायला सारं काम एकट्याने उरकलं होतं, आणि गौरेश मुलाचं कौतुक करत पहाटेच निघून गेला होता. हळर्णच्या उतरणीवर ब्रेकवरचा पाय नुसताच तळाला गेला... गाडी आंब्यावर आदळली.

पोलीस यायच्या आधी सगुण भावाच्या प्रेताजवळ रडला आणि मग चाकाखाली वाकला. एका नजरेत त्याला सगळं कळलं. उजवा कॅलिपर डावीकडे होता, डावा उजवीकडे. त्यामुळे हवा काढायचा निप्पल वर असायचा, तो खाली आला होता. हवा वर अडकून राहिली होती. असा ब्रेक अंगणात दोनदा दाबला की घट्ट लागतो, उतरणीवर दगा देतो. आणि बोल्टांवर लाल खूण नव्हती.

"सर्वेशान बसयलेले, पण पहाटे येवन मी परत खोललेले," त्याने पोलिसांना सांगितलं. "शेवटचो हात माजो." कबुली तयार असल्यावर खोलात कोण जातो? सहा महिन्यांची कैद झाली, गॅरेज गेलं, नाव गेलं. सुटून आल्यावर तुयेच्याच कारखान्याच्या फाटकावर तो राखण करू लागला. दर चवथीला गडग्यापलीकडची आरती तो आपल्या खोलीत उभा राहून ऐकत असे. कमलाक्षीच्या शिव्याशापांनी त्याचं काळीज रक्तबंबाळ झालं, पण एक समाधान त्याने उराशी घट्ट धरलं होतं... पोर सुखाने झोपतं आहे. आता आज संध्याकाळी तेच पोर आपल्या हाताने चाकं खोलणार होतं, आणि खुणेशिवायचे बोल्ट बघणार होतं!

दुपारी सर्वेश आणि गौरवी निमंत्रणं द्यायला पेडण्याला गेली. कमलाक्षीही देवळात नारळ ठेवायला गेलेली पाहून सगुण गडगा ओलांडून आला. जॅक लावून त्याने पुढची दोन्ही चाकं उतरवली; दर चाकामागे कॅलिपरचे दोन बोल्ट होते. पेट्रोलच्या फडक्याने बोल्टाचा रुपयाएवढा गंज पुसला आणि पहिला लाल ठिपका घातला.

"आता काय करतास? माज्या चेडवाचो पण जीव घेवचो असा?"

कमलाक्षी नारळच घरी विसरली होती. ती धावत आली आणि तिने त्याचा दंड धरून ओढला. त्याच्या हातातली बाटली मातीत पडली. तिने बाटलीकडे पाहिलं, मग दोन्ही चाकांच्या जागी. एका बोल्टावर ओला लाल ठिपका, बाकीचे तीन गंजलेले, कोरे. यंत्रातलं तिला काही कळत नव्हतं. पण दिराची खूण तिला ठाऊक होती.

"ही खूण आज घालतास?" तिने त्याचा दंड सोडला. "मगे तेन्ना कित्याक नाय घाललास?"

सगुण फडक्याने दुसरा बोल्ट पुसू लागला.

"म्हणजे तुमी ते परत खोललासच नाय... कोणी बसयलेले हे, दादा?"

नऊ वर्षांनी ती त्याला दादा म्हणाली होती. उत्तर तिचं तिलाच कळलं. गॅरेजात दुसरा हात एकच होता.

"अठरा वर्सांचो होतो गो तो," सगुण म्हणाला. "बापूस गेलो, तितका दुख्ख तेका पुरे होता. आपल्याच हातान गेलो, ह्या कळला असता तर तो वाचलो नसतो. मी एकटो मनीस. माजा काय जाता?"

"तुमचा काय जाता?" ती हुंदके देऊ लागली. "तुमका मी वाळीत घातलंय, दादा! तुमच्या नावान देवाक गाऱ्हाणी घातलंय..." ती त्याच्या पायांशी वाकली. त्याने पाय मागे घेतले.

"रडूक मागीर वेळ असा. पोरां येतली. अजून तीन बोल्ट ऱ्हवलेत."

तिने पदराने डोळे पुसले, मातीतली बाटली उचलली आणि दुसऱ्या हाताने चाकाआड उजेड पडावा म्हणून त्याचीच टॉर्च धरली. त्याने दोन ठिपके घातले. शेवटचा तिने स्वतः घातला. रंग नवा दिसू नये म्हणून चाकातली काळी भुकटी तिनेच बोटांनी त्यावर चोळली.

चाकं पुन्हा बसल्यावर ती म्हणाली, "गौरवीचा कन्यादान तुमीच करूचा. तेचो मान तुमचो."

त्या शब्दांनी सगुणचं अंतःकरण भरून आलं. गौरवी त्याच्याच खांद्यावर बसून वाढली होती... पण तो म्हणाला, "नाय. सर्वेश इचारतलो, काल काका नको होतो तो आज कसो चलता? तू काय सांगतलंस? तू माजेर राग धर. लग्नापुरतो न्हय, जलमभर."

संध्याकाळी तो गडग्याआड बसून राहिला. चाकं उतरल्याचा आवाज आला. मग सर्वेशचा आवाज.

"आई... काकांची खूण असा. चारय बोल्टांर असा."

आणि तो एकदम लहान मुलासारखा रडू लागला. "नव वर्सां माका वाटत होता गे, काका खोटा सांगतत. माजीच चूक असतली. जहाजार रात रात झोप येय नाय... म्हणान मी आपणान खोलूचा थारयलेला. मी न्हय गे आई. मी न्हय."

गडग्याआड सगुणने तोंडावर हात दाबून धरला. म्हणजे पोर झोपलं नव्हतं! नऊ वर्षं उराशी धरलेलं समाधानही खोटंच होतं. आजपासून मात्र ते खरं होणार होतं.

रडून झाल्यावर सर्वेशचा आवाज बदलला. "मेस्त्री म्हणे! निप्पल खाली करून बसयले, आणि वयर खूण घालता. आई, तो मनीस लग्नात दिसूक नको."

मग कमलाक्षीचा आवाज आला, कोरडा, पूर्वीसारखाच.

"नको."

कन्यादान गौरवीच्या मामाने केलं. लग्नाच्या संध्याकाळी सगुण हळर्णच्या उतरणीवर, आंब्यापासून थोडा दूर काजूच्या झाडाआड उभा होता. सर्वेशने निप्पल नीट वर ठेवला ना, हे त्याला विचारता आलं नव्हतं. कान देऊन ऐकणं तेवढं हातात होतं. झेंडूच्या माळा लावलेली ती पांढरी गाडी वळणावर आली. मागचे लाल दिवे लागले, गाडी आज्ञाधारकपणे हळू झाली आणि आंब्यापाशी जागच्या जागी थांबली. सगुणने कितीतरी वेळ कोंडलेला श्वास सोडला.

दार उघडून कमलाक्षी उतरली. गोव्यात वाटेवरच्या राखणदार देवाला नारळ ठेवल्याशिवाय नवरी पुढे नेत नाहीत. तिने आंब्याच्या मुळाशी नारळ ठेवला. उठताना काजूच्या बुंध्याआडचा सदरा तिला दिसला. ती तिथेच वळली, पदर दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसली आणि झाडाच्या दिशेने तिने मातीला कपाळ टेकलं.

"आई, राखणदार हयसर असा, आंब्याकडे," सर्वेशने गाडीतून हाक मारली. "तू थंय खंय पाया पडतंस?"

"माका म्हायत असा रे," ती म्हणाली, आणि डोळे न पुसताच गाडीत जाऊन बसली.