सी/फा

“ओ ताई, मागे व्हा!”

आमची पहिली भेट ही अशी. मी रुळांच्या कडेला गवतात पालथी पडून कॅमेरा रोखलेला, समोरून दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर आलेलं वाफेचं इंजिन धापा टाकत येतंय, आणि त्यातून काजळीनं माखलेला एक देखणा तरुण मला चक्क ताई म्हणतोय! फोटो तर हललाच.

नाशिकरोडपलीकडच्या जुन्या साइडिंगवर, मुख्य मार्गापासून फुटलेल्या रुळांवर, दर रविवारी ही पर्यटकांची गाडी धावायची. ड्रायव्हरचं नाव प्रफुल्ल. फाटक ओलांडून इंजिन पाणी प्यायला थांबलं, की तो खाली उतरून माझे फोटो बघायचा.

“हा काळा धूर तुम्हाला आवडतो? आमच्यात याला कोळशाची नासाडी म्हणतात.”

“मग पांढरी वाफ सोडा की... माझ्यासाठी.”

“हुकूम!” तो हसला. दात तेवढे पांढरे.

पुढच्या रविवारी खरंच शुभ्र ढग आला. आणि फाटकाअलीकडच्या पिवळ्या पाटीपाशी मी दिसताच — लांबलचक शिट्टी! मग दर रविवारी, तिथेच. आठवडाभर ती माझ्या कानात वाजायची. मी प्रेमात पडले होते, पार पडले होते.

एकदा लाजत लाजत फाटकावरच्या वाल्मीककाकांना म्हटलं, “काका, हा मला अशा शिट्ट्या मारतो, तुम्ही काही बोलत नाही?”

काका खो खो हसले. “आगं, त्या पाटीवर काय लिवलंय? सी/फा. सी म्हंजे सीटी, फा म्हंजे फाटक. तिथं शिट्टी नाय मारली तर त्याची नोकरी जाईल ना बाई!”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तीन महिने मी रेल्वेच्या नियमावर लाजत होते!

पुढच्या रविवारी मी पाटीकडे फिरकलेच नाही. स्कूटी घेऊन बरीच अलीकडे, द्राक्षबागेपाशी वळणावर थांबले. इथे पाटी नव्हती. इथे शिट्टी वाजली तर ती माझी... नाहीतर कॅमेरा उचलायचा आणि पुन्हा इकडे यायचं नाही.

इंजिन आलं. गेलं. शिट्टी नाही. ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि मी उजवीकडे उभी आहे, हे तेव्हा सुचेल तर शपथ! डोळे भरून आले.

मग लांबून पाटीची शिट्टी ऐकू आली. थांबली. पुन्हा वाजली. पुन्हा... आणि मग थांबेचना. काही अपघात तर नाही? स्कूटी दामटत फाटक गाठलं.

“आली रे बाबा, आली!” काका ओरडले. “बंद कर आता, गाव गोळा होईल!”

प्रफुल्लनं खाली उडी मारली. चेहरा काजळीखालीही पांढरा पडलेला.

“कुठे होता तुम्ही? पाटीपाशी दिसला नाहीत... रुळांजवळ पालथ्या पडता, मला नको नको ते वाटलं.”

“पण शिट्टी तर फाटकासाठी असते ना?”

“एक फाटकासाठी. बाकीच्या सगळ्या तुमच्यासाठी.” त्यानं खोल श्वास घेतला. “आवडता मला. खूप. आणि आता बॉयलरमध्ये वाफच उरलेली नाही.”

हुश्श! मला हसू आणि रडू एकदमच आलं. “मलाही तुम्ही आवडता,” मी म्हणाले, “मग आता गाडी?”

“अर्धा तास हलायची नाही.”

डब्यातून प्रवासी ओरडत होते. आम्ही दोघं रुळाकडेला बसलो, आणि अर्धा तास फारच कमी पडला.