चौथ्या बोअरला हुंकार आला नाही

रात्र नव्हती. हे आधीच सांगते, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरूनच चालतात.

भर दुपार होती. २००१ साल, नवरात्र संपून दिवाळी यायची होती. जागा बडोद्यातली, नागरवाड्यातलं आमचं ऑफिस. जेवणं झाली की बडोदं शटर ओढून झोपतं, गल्लीत कुत्रंही भुंकत नाही. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, मनाचे खेळ करत बसणारी बाई नव्हे. जे ऐकलं ते याच कानांनी ऐकलं. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं.

माझं नाव निरुपमा. आमचं काम माती तपासायचं. इमारत बांधण्याआधी प्लॉटवर ठिकठिकाणी खोल भोकं पाडतात, त्यांना बोअर म्हणतात. त्यात रॉड ठोकायचा आणि तो खाली जायला हातोड्याचे किती ठोके लागले ते लिहायचं. ठोके जास्त, तर जमीन घट्ट. त्यावरून आम्ही रिपोर्ट बनवतो आणि रिपोर्ट बघून पाया ठरतो.

ऑफिस दोघांचं होतं. माझे बाबा आणि त्यांचे भागीदार उदयसिंहराव. मी त्यांना रावकाका म्हणायचे. बाबा साइट बघायचे, रावकाका टेबल. मला हे काम रावकाकांनी शिकवलं. खरं सांगायचं तर बाबांपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त जीव होता.

त्यांचा एक शिरस्ता होता. रिपोर्टवर सही होण्याआधी एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने समोर बसून जुळवायचे. मी वाचायचे. रावकाका प्रत्येक आकड्याला म्हणायचे...

"हं."

हं आलं की पुढे जायचं. नाही आलं तर काहीतरी चुकलंय, थांबायचं.

त्या उन्हाळ्यात रावकाका गेले. हार्ट ॲटॅक. बाबांनी माझ्या नावाचा शिक्का करून आणला आणि म्हणाले, "आता सही तुझी." मला कोण आनंद झाला होता! पेढे वाटले मी.

कच्छच्या भूकंपाचं ते वर्ष. जो तो मातीचा रिपोर्ट मागत होता. जेवायला फुरसत नव्हती.

त्या दुपारी तरसालीच्या एका प्लॉटचा रिपोर्ट सहीला होता. बाबा घरी आडवे झाले होते. ऑफिसात मी एकटी. समोर कुणी नव्हतं, तरी सवयीने मोठ्याने वाचायला लागले.

"बोअर एक. दीड मीटर. नऊ ठोके."

...

"हं."

मी मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती.

बाहेरून आवाज आला असेल, असं म्हणून पुढचा आकडा वाचला.

"हं."

तोच आवाज. घशातून आलेला, थोडा खरखरीत. दुपारच्या पानानंतर यायचा तसा.

तुम्ही म्हणाल, पळाली का नाहीस? नाही पळाले. मला रडू आलं. वाटलं, काका माझ्यासाठी आलेत. डोळे पुसत पहिला बोअर संपवला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक आकड्याला हं.

"बोअर चार. दीड मीटर. दहा ठोके."

...

काहीच नाही.

पुन्हा वाचलं.

...

नाही.

तेव्हा लक्षात आलं, पंख्याचा आवाजही बंद झालाय. पंखा फिरत होता. माझ्या कपाळावरचे केस उडत होते. पण आवाज नव्हता. मी तिसऱ्या बोअरचा शेवटचा आकडा परत वाचला.

"हं."

चौथ्याचा पहिला.

...

मी रिपोर्ट मिटला. स्कूटी काढली आणि थेट तरसाली गाठली.

बोअर घेऊन बुजवला तरी भोवती सुकलेल्या चिखलाचा थर राहतो. तीन ठिकाणी तो होता. चौथ्या ठिकाणी नुसती खुणेची खुंटी होती आणि तिच्याभोवती गुडघाभर गवत.

वॉचमन म्हणाला, "अहीं तो कोई मशीन लाव्युं ज नथी, बेन." म्हणजे इथे कुणी मशीन आणलीच नव्हती.

घरी आले तेव्हा बाबा हिंडोळ्यावर चहा पीत होते.

"बाबा, तरसालीचा चौथा बोअर कुणी घेतला?"

त्यांनी कपसुद्धा खाली ठेवला नाही. "नाही घेतला. मशीन दुसऱ्या साइटवर हवी होती. आजूबाजूचे तिन्ही घट्ट आहेत ने? मधेच जमीन काय बदलणार? अंदाजाने बसवले आकडे."

"आणि खाली सही माझी?"

"त्यात काय एवढं? रावाच्या सहीने असे कितीतरी गेले."

मी ओरडलेच. "रावकाका असलं करणार नाहीत!"

बाबा हसले. "बेटा, मी पडलो साइटवरचा माणूस. टेबलावर बसून आकडे कसे बसवायचे, ते मला कोणी शिकवलं?"

"कुठल्या रिपोर्टात केलं त्यांनी असं? एक तरी सांगा."

हिंडोळा थांबला. बाबांनी पायाखालच्या फरशीकडे बघितलं.

आम्ही राहतो त्या चार मजली इमारतीचा मातीचा रिपोर्टही आमच्याच ऑफिसचा. रावकाकांच्या सहीचा.

"बाबा... ही बिल्डिंग?"

"भूकंपात काही झालं का तिला?" एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले.

मी तरसालीच्या रिपोर्टवर सही केली नाही. भांडून मशीन परत मागवली आणि समोर उभं राहून चौथा बोअर घ्यायला लावला. रॉड ठोकावा लागलाच नाही. सोडल्यासोडल्या आपल्याच वजनाने खाली गेला. वर विटांचे तुकडे, राख आणि चिंध्या आल्या. कधीकाळी तळं असणार तिथे, भराव टाकून बुजवलेलं. त्यावर माणसं राहायला येणार होती, माझ्या सहीच्या भरवशावर.

म्हणजे काकांनी मला वाचवलं होतं. मग बाबाच खोटं बोलत असणार. मला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, मी आमच्या इमारतीचा रिपोर्ट काढला आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसले.

"बोअर एक. दीड मीटर. बारा ठोके."

...

"बोअर दोन."

...

पंख्याचा आवाज गेला होता. म्हणजे ते होते. समोरच होते. पानाचा वास येत होता.

"काका, आई, बाबा, मी, सगळे तिथे राहतो. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. एकदा फक्त हं म्हणा."

...

खुर्ची मागे सरकली.

कर्रर्र... फरशीवर घासत.

मग चपला. सावकाश, टेबलाला वळसा घालून, माझ्या पाठीमागून... दाराकडे. मग जिन्यावर. मग खाली.

आणि पंखा एकदम घरघरायला लागला.

भीती नाही वाटली मला. संताप आला. माझ्या बापाची चूक दाखवायला हा माणूस मेल्यावरही आला, आणि स्वतःचा रिपोर्ट वाचताच उठून निघून गेला! मी जिन्यातून खाली ओरडले, "काका, थांबा!" गल्ली रिकामी होती. त्यानंतर हुंकार कधी आला नाही. मी कितीही वाचलं तरी नाही.

का आले होते, का गेले, मला आजही कळलेलं नाही. मेलेल्याला जाब तरी कुठे विचारायचा?

आम्ही अजून त्याच इमारतीत राहतो. पार्किंगच्या खांबाला बारीक तडा गेलाय. सोसायटी म्हणते, प्लास्टरचा आहे. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये मी सांगितलं, खाली एक बोअर घेऊन बघू, खर्च माझा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"कोणाचा विरोध आहे?" सेक्रेटरीने विचारलं.

पहिला हात बाबांचा वर गेला. ते माझ्या शेजारीच बसले होते.