अकरा झाडांचा पडदा

बांबूंना टांगलेल्या सात चादरी वाऱ्याने फुगल्या होत्या आणि ती व्हरांड्यात उभी राहून, एक डोळा मिटून त्यांच्याकडे बघत होती. तेवढ्यात पाचव्या आणि सहाव्या चादरीच्या मधून एक माणूस बाहेर आला. हाताला माती, कपाळाला आठ्या आणि केसांत गवताची एक काडी.

"या चादरी तुमच्या?" त्याने विचारलं.

"का, चोरीच्या वाटतात?"

"नाही, वाळत घातल्या असतील तर एव्हाना वाळल्या असतील. तीन दिवस झाले."

"वाळत नाही घातलेल्या. ती झाडं आहेत."

त्याने वळून चादरींकडे नीट पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच नीट.

"झाडांचाच धंदा आहे माझा," तो म्हणाला, "पण ते निळ्या चौकटींचं झाड काही ओळखता आलं नाही बुवा."

तिला हसू आलं होतं, पण तिने ते गालातच दाबलं. परक्या माणसाला पहिल्याच भेटीत एवढं कशाला द्या?

तिचंही खोटं नव्हतं म्हणा. बारा वर्षं ती नाटकांचं नेपथ्य करत होती. रंगमंचावर भिंत उभारायची तर आधी तेवढ्याच उंचीचं कापड टांगायचं, शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि मगच सुताराला हाक मारायची, ही तिच्या कामाची पद्धत. दौऱ्यांचा कंटाळा आला म्हणून तिने गावाबाहेरचं हे जुनं शेतघर घेतलं. राहायला येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. छपराची दोन कौलं फुटकी, स्वयंपाकघराचा नळ उलटा फिरणारा, कोठीच्या खोलीला अजून कांद्यांचा वास. पण खोकी उघडायच्या आधीच बाईसाहेबांनी बाग मनात आखून टाकली होती. पुढे फुलांचे ताटवे, मधे गवत आणि अगदी टोकाला, कुंपणालगत, उंच झाडांची एक सलग रांग. मागचा पडदाच म्हणा ना. त्या पडद्यापायी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी बांबूवर गेल्या आणि ती स्वतः उघड्या गादीवर झोपत होती.

"कुंपणापलीकडे माझी रोपवाटिका आहे," तो म्हणाला. "तुमच्या या… झाडांची सावली सकाळी वाफ्यांवर पडते. काढाल का?"

"काढते," ती म्हणाली. "आजच्या आज."

तो आला तसाच चादरींमधून निघून गेला. केसांतल्या काडीबद्दल त्याला सांगायला हवं होतं, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. काढताना एक चादर उडून त्याच्याकडे गेली होती, ती घडी घालून परत द्यायला आला होता. बाहेर पावसाची सर आली म्हणून तिने त्याला आत बोलावलं. घरात फर्निचर अजून आलेलं नव्हतं. तिने जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावून जेवणाचं टेबल, कपाट, दिवाण अशा सगळ्या जागा आखून ठेवल्या होत्या, तालमीत आखतात तशा. गवंडी त्या टेबलावरून गेला होता. दूधवाला गेला होता. तिचा सख्खा भाऊ तर कपाटातून आरपार जाऊन वर "घर मोठं आहे हं" असं म्हणाला होता.

हा मात्र उंबऱ्यात थबकला. पट्टीकडे बघितलं, टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी आला आणि चादर अलगद दिवाणावर ठेवली. म्हणजे, जिथे दिवाण येणार होता तिथे.

"तिकडून का आलात?" तिने विचारलं. आवाज उगीचच बारीक झाला होता.

"मधे टेबल आहे ना."

झालं. प्रेमात पडायला लोकांना काय काय लागतं कोण जाणे, तिला एवढं पुरलं. तिने त्याला पाणी दिलं, तेव्हा ग्लास अर्धा हातावर सांडला आणि दोघांनीही ते पाहिलं नाही असं दाखवलं.

मग तो येतच राहिला. एकदा बिजागरीला तेल घालायला, एकदा शेणखताची पाटी घेऊन, एकदा नळ सुलटा करायला. पुढे पुढे निमित्तंही संपली. सगळे त्याला रोपवाला म्हणत, म्हणून तीही तेच म्हणू लागली. त्याने तिचं नाव पडदेवाली ठेवलं. संध्याकाळी दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसून बागेवरून वाद घालत.

"इथे मोगरा नको, पाणी साचतं," तो म्हणायचा.

"मला इथेच हवा. या पायरीवरून बरोबर दिसतो."

"मोगऱ्याला विचारलंत?"

"तुम्ही विचारा. तुमची ओळख आहे."

एका संध्याकाळी तिने पक्का नकाशा त्याच्यापुढे पसरला. अकरा झाडं, झपाट्याने वाढणारी, दोन वर्षांत छपराएवढी होणारी. रोपं त्याच्याकडूनच घ्यायची होती. झाडांमागे मावळणारा सूर्य कसा दिसेल ते सांगताना ती उठून उभी राहिली, हातांनी हवेत फांद्या काढू लागली. बोलता बोलता थांबली.

"पण सावली? तुमच्या वाफ्यांना चालेल ना?"

तो नकाशाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

"चालेल," तो म्हणाला.

तिने लगेच विश्वास ठेवला, कारण तिला तेच ऐकायचं होतं.

आठवड्याभराने सकाळीच रोपवाल्याची आई आली. गोल चेहऱ्याची, घाईची बाई.

"तुमच्याकडे सामानाची रिकामी खोकी असतील ना?"

"भरपूर आहेत. पण कशाला, काकू?"

"रोपं भरायला. लेकीच्या शेजारची जागा मोकळी आहे, या महिन्यातच मिळेल, नंतर नाही. इथलं सगळं तिकडे हलवतोय. अहो, सकाळचं ऊन गेलं की इथे उगवायचं काय? तुम्हाला यातलं काही सांगायचं नाही असं त्याने बजावलंय मला." काकूंनी खोक्यांकडे नजर टाकली. "मी कुठे काय सांगतेय? मी खोकी मागायला आलेय."

तिने खोकी काढून दिली. मग तशीच, अनवाणी, बागेतून टोकापर्यंत चालत गेली. कुंपणाची एक तार वाकवून पहिल्यांदाच पलीकडे पाऊल टाकलं आणि मागे वळली.

आजवर सगळी बाग तिने पायरीवरून पाहिली होती, शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत बसावं तशी. रंगमंचावर पडद्यामागे कुणी राहत नसतं. तिथे लाकडाच्या पट्ट्या आणि खिळे असतात. इथे मात्र ओळीने वाफे होते, बोटाएवढी हजारो रोपं होती आणि त्यांच्यावर कोवळं ऊन पसरलं होतं. आणि इथून तिचं घर दिसत होतं. व्हरांडा, पायरी, स्वयंपाकघराची खिडकी, सगळं. हा माणूस रोज सकाळी वाकून काम करताना मान वर करून काय बघत असेल, हे तिला एकदम समजलं, आणि तिचे कान तापले. आपण दोन वर्षांत यावर पडदा टाकणार होतो, आणि तो खड्डे खणून द्यायलाही तयार होता. तिला त्याचा भयंकर राग आला. स्वतःचाही आला.

ती तार ओलांडून परत आपल्या बागेत आली, तेव्हा तो खणतच होता. कुंपणाच्या कोपऱ्यात दोन खड्डे झाले होते, तिसऱ्यात तो गुडघाभर उभा होता.

"बाहेर या," ती म्हणाली.

"झालंच आहे. अजून वीतभर…"

"चालेल म्हणालात ना मला?"

त्याने फावडं टेकवलं. "आई आली होती तर."

"खोकी न्यायला. त्या काही बोलल्या नाहीत." तिने श्वास घेतला. "नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? मी विचारलं होतं. सरळ विचारलं होतं."

"तुम्ही हात असे करत होतात," त्याने मातीच्या हातांनी हवेत एक वेडीवाकडी फांदी काढली. "इतका आनंद झालेला माणूस मी… नाही जमलं म्हणायला. रोपं कुठेही लागतात. घर एकदाच मांडतो माणूस."

"आणि तुम्ही गेल्यावर मी त्या पायरीवर बसून वाद कुणाशी घालू?"

ती खड्ड्याच्या काठाशी खाली बसली होती आणि तिचा चेहरा आता त्याच्या चेहऱ्यासमोर होता.

"झाडं रस्त्याच्या बाजूला लावायची," ती म्हणाली. "अकराच्या अकरा. धूळही अडेल. इकडे काही नको."

"मग तुमचा पडदा?"

"नको पडदा. मला इकडचं बघायचंय."

"इकडे काय आहे? वाफे, पत्र्याची शेड आणि मी."

"यादी बरोबर आहे," ती म्हणाली. "क्रम चुकलाय."

त्याने फावडं बाजूला ठेवलं. मग खड्ड्याच्या काठावर ठेवलेल्या तिच्या हातावर त्याने आपला हात ठेवला, मातीसकट. तिने आपला हात काढून घेतला नाही.

"मी ताईला शब्द दिलाय," तो हळूच म्हणाला. "आज दुपारी गाडी पाठवतेय ती."

"फोन लावा."

"आत्ता? काय सांगू?"

"लावा तर."

त्याने खिशातून फोन काढला, लावला, कानाला धरला. "हॅलो, ताई? नाही, निघालो नाही… ऐक ना, ते जागेचं… नाही, तसं नाही… म्हणजे कसं की…" कानाची पाळी लालभडक झाली होती आणि वाक्य काही पुढे सरकेना. तिने शांतपणे त्याच्या हातातून फोन घेतला.

"ताई, मी शेजारची बोलतेय. गाडी पाठवू नका आणि ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा. तुमचा भाऊ इथेच राहणार आहे, माझ्या डोळ्यांसमोर."