दहा-पाचची फेरी

बाळकुमच्या त्या सोसायटीत कोण कुणाकडे आलं नि किती वाजता गेलं, हे शुभदाला ठाऊक नाही असं सहसा होत नसे. रोज सकाळी दुधाची पिशवी आणायला उतरली की ती गेटवरचं पाहुण्यांचं रजिस्टर चाळायची. "पेपरपेक्षा हे बरं," म्हणायची, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. माणसांची खबर ठेवायची नाही, तर शेजार कशाला म्हणायचं?

म्हणूनच त्या जानेवारीतल्या संध्याकाळी शेजारच्या ७०४ मधले विश्रामकाका टॉर्च घेऊन गच्चीकडे निघाले, तेव्हा शुभदाही शाल गुंडाळून मागोमाग गेली. सरोजकाकू जाऊन दहा महिने झालेले. उद्या सकाळी लेक शिवानी काकांना कायमचं पुण्याला नेणार होती. "आजची रात्र तेवढं लक्ष ठेव गं मावशी, त्यांचा काही भरवसा नाही," असं तिने फोनवर सांगितलेलं. शुभदाने शब्द दिलेला. आणि गच्चीचा कठडा होता जेमतेम कमरेएवढा.

काका-काकूंना आकाशातलं स्पेस स्टेशन बघायचा नाद होता. काका आधी वर जायचे, आणि तो ठिपका दिसला की खालच्या गॅलरीवर टॉर्च मारून काकूंना बोलवायचे. काकू वेंगुर्ल्याकडच्या. दिवेलागणीनंतर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हा त्यांचा नेम. नको ते असेल तर दोनदाच हाक मारतं म्हणे. टॉर्चलाही तोच नेम. तिसऱ्यांदा उजेड पडला की मगच "ओऽऽ, आले" म्हणत, गुडघे धरत जिना चढायच्या. त्या गेल्यापासून काका टॉर्च वर, त्या ठिपक्याकडेच मारायचे. एका फेरीला एकदाच.

सहा बावन्नला कळव्याच्या अंगाने ठसठशीत पांढरा ठिपका वर आला आणि काही आवाज न करता खाडीकडे उतरला. काकांनी टॉर्च लावला, मिटवला.

"आता आठ एकोणतीसला," ते म्हणाले. "आज दोनदा आहे."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा येतं, पण पृथ्वीच्या सावलीतून. दिसत नाही. म्हणून तर..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं, पण शुभदाला उमगलं. इतके महिने काकांच्या दोनच हाका जात होत्या.

आठ एकोणतीसला ठिपका येऊरच्या डोंगरामागून वर आला आणि अर्ध्या वाटेत विझला, वात चिमटीत धरावी तसा. टॉर्च लागला, मिटला.

"चला काका, पिठलं गार होईल."

"दहा-पाचची फेरी बघून येतो."

"दिसत नाही म्हणालात ना?"

"शेवटची रात्र आहे गं."

मग शुभदाने ताट वरच आणलं. काकांना चार घास भरवले, आणि पाण्याच्या टाकीला टेकून दोघं बसून राहिली. ओहोटी लागली तसा खाडीच्या चिखलाचा वास सातव्या मजल्याच्याही वर चढला. खालची कुत्री गप्प झाली होती.

दहा-पाचला तो दिसला. पण खाडीकडून... जिकडे तो नेहमी मावळायचा, तिकडून.

"विमान आहे काका."

"विमानाला लाल-हिरवे दिवे असतात. आणि हे... उलटं कधीच येत नाही."

ठिपका पिवळट होता, सावकाश चढत होता. डोक्यावर येऊन तो थांबला. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस जिन्याच्या वळणावर थांबतं ना, अगदी तसा.

काका टॉर्च उचलून कठड्याकडे धावले. शुभदाने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, टॉर्च हिसकावून घेतला.

"नाही काका. शिवानीला शब्द दिलाय मी."

"एकदाच... शुभदा, एकदाच."

म्हातारा लहान मुलासारखा रडत होता. शुभदाचं मन विरघळलं. आणि खरं सांगायचं तर, पुढे काय होतं ते तिलाही बघायचं होतं.

"तुम्ही बसा इथेच. मी मारते."

तिने टॉर्च वर धरला, लावला, मिटवला. ठिपकाही मिटला. काहीच झालं नाही. मग गच्चीच्या दाराआडून, जिन्यात खूप खालून...

"ओऽऽ..."

"ऐकलंत?"

"काय गं?"

"काही नाही. कुणाचा तरी टीव्ही."

जिन्यात कुणी नव्हतं. तिने काकांना घरी नेऊन झोपवलं, बाहेरून कुलूप लावलं आणि आपल्या घरी येऊन पडली. नवरा साताऱ्याला गेलेला. घरात ती एकटीच.

सकाळी काका हसतच गाडीत बसले. "तिसरी हाकही गेली बघ. ओ नाही आली. सुटलो गं, आता पुण्यात जीव रमेल." शिवानीने शुभदाला घट्ट मिठी मारली. गाडी वळणाआड गेली. दिलेला शब्द पाळला गेला होता. शुभदाची मान ताठ होती.

दुधाची पिशवी घेऊन तिने सवयीने रजिस्टर ओढलं. शेवटची ओळ थरथरत्या, गोल अक्षरात होती. नाव, सरोज. आल्याची वेळ, दहा वाजून पाच. फ्लॅट...

७०४ नव्हता. ७०३ होता. तिचा स्वतःचा.

हाक तिनेच मारली होती.

"रात्री तुमच्याकडं पाव्हण्या आल्या ना ताई," वॉचमन पोपट म्हणाला. तो नवीन होता, काकूंना त्याने कधी पाहिलं नव्हतं. "गुडघ्यांचा लई तरास दिसला त्यांना. जाताना सही न्हाई झाली बगा. आतच हायत का अजून?"

शुभदाने गेल्याच्या वेळेचा रिकामा रकाना बघितला. मान वर करून सातव्या मजल्यावरची आपली खिडकी बघितली. उत्तर सुचलं नाही असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "आहेत."

काकूंना चहात दूध जास्त लागायचं. तिने आणखी एक पिशवी उचलली आणि लिफ्टचं बटण दाबलं.