प्रॉक्टर सरांचा उंट

"बाबा, उठा. प्रॉक्टर सर सापडत नाहीयेत."

मंजिरीच्या हाकेनं गुरुनाथ तंबूबाहेर आले. ऊन अजून कोवळं होतं, वारा मात्र म्हाताऱ्यासारखा कण्हत होता. सौदीतल्या हाइलपासून दूर, वाळवंटात त्यांचे चार तंबू. समोर पूर्वेला बसलेल्या उंटाच्या आकाराचा एक अवाढव्य डोंगर. सूर्य त्याच्या पाठीमागे असल्यामुळे उंट काळाकुट्ट दिसत होता. त्याचं तोंड उजवीकडे, स्वयंपाकाच्या तंबूकडे. नाश्त्याची वाट बघत असल्यासारखं.

"गेले असतील फिरायला."

"फिरायला गेलेला माणूस पाणी घेऊन जातो, बाबा. त्यांची बाटली इथेच आहे. फोन लागत नाही. आणि दुपारपर्यंत वाळूचं वादळ येणार आहे."

गुरुनाथांनी बाटली हातात घेतली. बाटली भरलेली होती.

गुरुनाथांची तीस वर्षं नाशिकच्या जकात नाक्यावर ट्रक अडवण्यात गेली होती. कुठून आलात, कुठे चाललात, आत काय भरलंय? पुढे सरकारनं जकात रद्द केली, गुरुनाथांचा प्रश्न विचारायचा रोग तेवढा शिल्लक राहिला. आठवड्यापूर्वी ते लेकीकडे थुवालला व्हिजिट व्हिसावर आले, आणि लेकीच्या चित्रवर्गाची सहल निघाली तेव्हा सामानाबरोबर त्यांनाही गाडीत घालण्यात आलं.

वर्ग एल्डन प्रॉक्टरचा. सत्तरी ओलांडलेला, उंच, वाळक्या शेंगेसारखा अमेरिकन. ॲरिझोनातल्या एकाच डोंगराची चित्रं काढण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. शेवटी डोंगरालाच कंटाळा आला असावा, म्हणून हा थुवालच्या विद्यापीठ वसाहतीत शिकवायला आला. त्याचा नियम एकच. "झाड नको असेल तर गाळा, पण डोंगर हलवायचा नाही. निसर्गचित्र म्हणजे तुम्ही कुठे बसला होतात त्याचा जबाब." वर्गापुढे तो रोज फळीवर एक चित्र रंगवायचा आणि संध्याकाळी ती फळी यतीनच्या हातात द्यायचा. "खरवडून टाक." शिकवायला काढलेलं चित्र ठेवायचं नसतं, असं त्याचं म्हणणं.

ही त्याची शेवटची सहल होती. उन्हाच्या धास्तीनं वर्गातले दोघेच आले होते, मंजिरी आणि यतीन.

यतीन स्वयंपाकाच्या तंबूत नाश्ता करत होता. पुण्याचा इंजिनिअर, पेट्रोकेमिकल्समध्ये, सहलीला स्वतःची जीप घेऊन आलेला. आचाऱ्यानं आणखी एक अंडं पुढे केलं, तसं त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"खलास, खलास. काका, बसा ना. मंजिरी उगाच घाबरलीय."

"तू सरांना कधी पाहिलंस?"

"काल रात्री जेवताना."

"जेवले कुठे ते?" मंजिरी म्हणाली. "तुझ्या रियाधच्या प्रदर्शनाचं माहितीपत्रक हातात घेऊन बसले होते. घास घेतला नाही."

"खूश झाले असतील. उद्घाटन त्यांच्याच हस्ते आहे," यतीन म्हणाला.

"आणि तू सकाळपासून कुठे होतास?" गुरुनाथांनी विचारलं.

"इथेच. तंबूसमोर बसून चित्र काढलं. बघा हवं तर, रंग ओला आहे."

गुरुनाथांनी पाहिलं. बोट लावलं, बोटाला रंग लागला. यतीन खोटं बोलत नव्हता, रंग ओलाच होता. गुलाबी उन्हात न्हालेला उंट तोंड डावीकडे करून बसला होता, नाश्ता नको असल्यासारखा. आकाश अजून व्हायचं होतं. गुरुनाथांना चित्रकलेतलं काही कळत नव्हतं, पण ते चित्र बघून त्यांच्या घशाला कोरड पडली. इतकं ते खरं होतं.

"छान आहे," ते म्हणाले. "फारच छान."

एवढ्यात झैद परतला. मराठी समजणारा हैदराबादचा ड्रायव्हर, पहाटे पश्चिमेला हाइलच्या रस्त्यावर खुबूसच्या रोट्या आणायला गेला होता. तो गाडीतून उतरतो न उतरतो तोच यतीन ओरडला, "पकडा त्याला! काका, मी आता बोलतोच. पहाटे हा फोनवर सांगत होता, 'उस्ताद खलास.' माझ्या अंगावर काटा आला. मारून टाकलंय यानं सरांना, आणि हाइलच्या वाटेवर कुठेतरी पुरलंय!"

झैदच्या हातातली रोट्यांची पिशवी वाळूत पडली.

"झैद, तू असं बोललास?" मंजिरीनं विचारलं.

"बोला मैं। घरवाली कू बोला, उस्ताद का खलास, आखरी ट्रिप है, अब दो दिन छुट्टी। उसमें मारने का क्या है, बाजी?"

मंजिरीनं फोन केल्यावर हाइलहून पोलीस अधिकारी आला तेव्हा पश्चिमेचं आभाळ मातकट झालं होतं. त्याला अरबीखेरीज काही येईना. यतीनचं आणि मंजिरीचं अरबी दुकानापुरतं. राहता राहिला झैद. तेव्हा आरोपीलाच दुभाष्या नेमण्यात आलं, आणि आपल्यावरचा खुनाचा आरोप झैदनं एक शब्द न गाळता भाषांतरून दिला. फक्त त्याचे ओठ थरथरत होते.

अधिकाऱ्यानं झैदसाठी बेड्या बाहेर काढल्या, माणसांना हाइलच्या रस्त्याकडे पिटाळायला वायरलेस उचलला.

"थांबा," गुरुनाथ म्हणाले.

हा कोण, असं अधिकाऱ्यानं नजरेनं विचारलं.

"मेरे को जकात अफसर बोल," गुरुनाथांनी झैदला सांगितलं.

झैदनं सांगितलं. अधिकाऱ्याचा हात अदबीनं छातीवर गेला. इथे जकात म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान. नाशिकला ती ट्रकच्या फळीवर थाप मारून घेतली जायची. हा फरक समजावून सांगायची गुरुनाथांनी घाई केली नाही.

"यतीन, तुला इथे येऊन किती वर्षं झाली?"

"अठरा. त्याचं काय?"

"मला आठवडा झालाय. परवा थुवालच्या न्हाव्यानं माझ्या मानेवर वस्तरा ठेवून 'खलास' म्हटलं, तसा मी टॉवेलसकट रस्त्यावर पळालो. मंजिरीनं समजावलं, बाबा, इकडे खलास म्हणजे झालं, संपलं. मी दचकलो तर शोभतं. तू अठरा वर्षं तो शब्द चहाबरोबर खातोयस. सकाळी अंडं नको होतं तेव्हाही खलास म्हणालास, अंड्याचा खून केला नाहीस. मग झैदच्या तोंडून ऐकलास तेव्हाच नेमका नाशिकचा अर्थ कसा आठवला?"

"काका, तुमची इथे करमणूक चाललीय आणि तिकडे सर तहानेनं मरतायत!"

वाऱ्यानं तंबूचं कापड फडाफडा वाजवलं.

"आत्ता तर झैदनं मारून पुरलं होतं," गुरुनाथ हळूच म्हणाले. "तहानेनं मरतायत हे तुला कुणी सांगितलं?"

मग ते चित्राकडे वळले.

"मंजिरी, समोरच्या उंटाचं तोंड कुठे आहे?"

"उजवीकडे."

"चित्रातल्या?"

मंजिरीनं चित्राकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "डावीकडे... बाबा, हे पलीकडून काढलंय. पूर्वेकडून! सकाळी इथून डोंगर काळा दिसतो. हा उजळलाय, म्हणजे सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी होता."

"कलाकाराला एवढं स्वातंत्र्य असतं," यतीन कसाबसा म्हणाला.

"तुझे सर डोंगर हलवू देत नाहीत. आणि हे चित्र त्यांचंच आहे. त्यांच्या फळ्या खरवडायचं काम तुझं होतं. तू खरवडल्याच नाहीस. त्यांच्यावर स्वतःचं नाव घालून रियाधला मांडायला निघालास. काल त्या माहितीपत्रकात त्यांनी आपलीच चित्रं पाहिली. पहाटे चित्र काढायच्या निमित्तानं तू त्यांना तुझ्या जीपमधून पलीकडे नेलंस. गोड बोलून पाहिलंस. ते ऐकेनात. उद्घाटनाला सगळ्यांसमोर सांगतो म्हणाले असतील. तेव्हा पाणी आणि फोन उचललास आणि निघालास. निघता निघता हे चित्रही घेतलंस. इतकं चांगलं चित्र टाकवेना तुला! वर इथे बसून काढलं म्हणायची सोय झाली. पोलीस पश्चिमेला शोधत राहिले असते, पूर्वेला वादळानं काम पुरं केलं असतं."

झैदनं हेही भाषांतर केलं. या वेळी त्याचे ओठ थरथरत नव्हते.

यतीन वाळूकडे बघत म्हणाला, "मी त्यांना हातसुद्धा लावला नाही. मी फक्त... परत न्यायला गेलो नाही."

दोन्ही गाड्या डोंगराला वळसा घालून सुटल्या. पुढच्या गाडीत यतीन बेड्या घालून, झैद गाडी हाकायला. मागे आभाळाची तपकिरी भिंत चालून येत होती. पलीकडे पोचले तेव्हा वाळूत चित्र ठेवायचा ईझल मोडून पडला होता. माणूस नव्हता.

मंजिरीनं हाका मारल्या. वाऱ्यानं त्या तोंडातून काढून नेल्या.

"चचा, ये देखो," झैद म्हणाला.

पुरुषभर उंचीच्या एका सुट्या खडकाच्या पायथ्याशी वाळूत कुणी बसल्याचा खळगा होता. शेजारी दुसरा. मग तिसरा. खडकाच्या कडेकडेनं खळग्यांची कमान वळत गेली होती. गुरुनाथांना कोडं उलगडलं. म्हाताऱ्यानं जन्मभर सावल्या न्याहाळल्या होत्या. खडकाची सावली पुढे कुठे सरकणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ती सरकेल तसा तो सरकत गेला होता.

शेवटच्या खळग्यात प्रॉक्टर होता. गुडघे पोटाशी, टोपी तोंडावर, ओठ फुटलेले. मंजिरीनं टोपी उचलली तेव्हा त्यानं डोळे किलकिले केले.

तो घोट घोट पाणी प्यायला. मग त्यानं बेड्या घातलेल्या यतीनकडे पाहिलं.

अधिकाऱ्यानं विचारलं, झैदनं ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत पुढे सरकवलं. "सर, ही से, यू फरगिव्ह हिम?"

प्रॉक्टरनं बाटलीचं तोंड बाहीनं पुसलं. उरलेलं पाणी यतीनपुढे धरलं.

"पी," तो म्हणाला. "तुला आता पुष्कळ बोलायचंय." मग अधिकाऱ्याकडे वळून त्यानं मान हलवली. "नाही."

यतीननं बांधल्या हातांनी बाटली घेतली, तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून ओघळत राहिलं. एकही घोट त्याच्या घशाखाली उतरला नाही.