हिरव्या दोऱ्याचं बटण

सांगते, पण मध्येच काही विचारू नका. थांबले तर पुढचं माझ्याच्यानं सांगवणार नाही.

मुलीच्या लग्नानंतरची आमची ती पहिली सहल. दोघंच. हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं, बंदरावरचा मासळीबाजार सकाळीच बघा, नऊनंतर काही राहत नाही. निघता निघता ह्यांच्या पिवळ्या शर्टाचं बटण तुटलं. माझ्याजवळ हिरवाच दोरा होता, त्यानंच लावलं.

"पोपट दिसतोय मी," हे म्हणाले.

"दिसू दे. इथं ओळखतंय कोण आपल्याला?"

बाजाराच्या दारातच ह्यांनी नाकाला रुमाल लावला. ह्यांना मासे आवडतात ते ताटात. "तू ये बघून, मी चहा घेतो," म्हणून समोरच्या टपरीवर जाऊन बसले.

मी आत गेले. वर पत्रा, खाली घोट्यापर्यंत पाणी. टोपल्या फरफटत नेल्याचा आवाज, सुऱ्यांची खटखट, लिलाव पुकारणाऱ्याचा बसलेला गळा. आणि तो वास... खारट, गंजलेल्या लोखंडासारखा. एका मासेवालीसमोर फोटो काढायला पर्समधून फोन काढला, तर खोलीची किल्लीच तिच्या पाटावर पडली. तिनं उचलली, पुसली, नंबर वाचला. तिचा हात तिथंच थांबला.

"चौदा... ही तुमच्याकडे कशी?"

"आमच्याच खोलीची आहे."

तिनं मागे वळून हाक मारली, "मुकादम! हिच्याकडेपण आहे हो..."

मुकादम आला. म्हातारा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. किल्ली उलटसुलट करून बघत खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, पहाटे जाळ्यात एक माणूस आला. पोलीस यायचेत अजून. त्याच्या खिशात हीच किल्ली, हाच नंबर. हॉटेलात विचारलं, तर म्हणाले त्या खोलीची एकच किल्ली आहे. जरा... बघता का?"

का गेले, देव जाणे. आधीच्या कुणा पाहुण्याची असेल, असं वाटलं. नाही म्हणायला सुचलंच नाही.

बर्फाच्या खोलीत यंत्राची घरघर चालली होती. टेबलावर बर्फाचा ढीग होता. मुकादमानं हातानं थोडा बर्फ बाजूला केला. पिवळा शर्ट दिसला. तिसरं बटण... हिरव्या दोऱ्याचं. गाठसुद्धा माझीच, दुहेरी.

मग त्यानं चेहऱ्यावरचा बर्फ काढला.

हेच होते. हनुवटीवर दाढी करताना कापलेलं होतं, त्याच दिवशी सकाळी, माझ्यासमोर कापलेलं.

"किती वेळ... पाण्यात?"

"दोन दिवस तरी झाले असतील, ताई."

मी पळत सुटले. घसरले, गुडघा फुटला, उठून पुन्हा पळाले. बाहेर लख्ख ऊन होतं. आणि हे टपरीच्या बाकावर दुसरा चहा फुंकत बसले होते. शर्ट कोरडा. मी हात धरला. ऊबदार होता.

"अगं, काय झालं? गुडघ्याला रक्त आलंय तुझ्या!"

माझ्यामागून मुकादम धापा टाकत आला. ह्यांना बघितलं आणि त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला. मग माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "घेऊन जा ह्यांना. आत्ताच्या आत्ता. आणि पाण्याच्या कडेनं जाऊ नका."

खोलीवरचं सामान गोळा केलं आणि मिळेल ती बस धरली. वासानं चक्कर आली, पडले, एवढंच मी ह्यांना सांगितलं. बाकी एक अक्षर नाही. आजपर्यंत नाही.

तासाभरानं बस घाट चढायला लागली. समुद्र मागे पडला तसा माझा श्वास जरा खाली बसला. हे खिडकीतून बाहेर बघत होते. मान न वळवताच त्यांनी विचारलं,

"डोळे उघडेच होते ना गं माझे?"

माझी नजर त्यांच्या तिसऱ्या बटणावर गेली.

"मिटायचा खूप प्रयत्न केला मी," हे म्हणाले.