काठावरची माती

अनुप, गाडी बंद कर आणि बस जरा. गळ, दोरी, सगळं बांधून पहाटेच दारात आलास, पण मी येणार नाही. तो गांडुळांचा डबा तेवढा फाटकाबाहेर ठेव. हसू नकोस. लाइट गेलीय, मेणबत्तीवर भागवू. आत बेबीताई पोरीला न्हाऊ घालायला आली आहे. तिला पुढं आणखी घरं असतात, म्हणून ती आमच्याकडे अंधारातच येते. तिचं आटोपेपर्यंत तुला कारण सांगतो, मग हवं तेवढं हस.

माघातली गोष्ट आहे. राखीला सातवा लागला होता आणि तिला मरळ खावीशी वाटत होती. बाजारातली नको, ताजी हवी. आता डोहाळ्यांपुढे कोणाचं चालतं? मी जळालेल्या मोटारी भरायचं, वाइंडिंगचं दुकान दुपारीच बंद केलं आणि कामरगावहून धनजकडच्या धरणावर गेलो. खुरपं आणि डालडाचा जुना डबा बरोबर होता.

पाणी नुकतंच मागं सरकलं होतं. जिथवर ते हटलं होतं तिथवर काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडला होता. त्या जागी पूर्वी गाव होतं, हे आपल्याला ऐकून माहीत. एका उंचवट्यावर मी खुरपं घातलं. पहिल्याच ढेकळात बोटाएवढी गांडुळं निघाली. वास मात्र गाळाचा नव्हता. शेणानं नुकत्याच सारवलेल्या घराचा होता. मला तेव्हा तो चांगलाच वाटला.

मागून कोणीतरी खाकरलं. एक म्हातारा कुदळ घेऊन उभा होता. ग्यानबा त्याचं नाव. बुडालेल्या गावातला माणूस, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या गाळात टरबुजाच्या वेली लावतो. राम राम नाही, काही नाही. माझ्या डब्यातच बघत होता.

"गांडुळं ने," तो म्हणाला. "माती नेऊ नोको. खड्डा केला, तं त्याच मातीनं बुजव."

का, म्हणून मी विचारलं. त्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. अनुप, आपल्याला शिव्या देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण तसं कोणी पाहिलं नव्हतं.

"मानसं उठवली, घरं बुडवली. माती कोनाले देल्ली नाई आमी. तिचं ते पाहून घेते."

एवढं बोलून तो वेलींकडे वळला. आता तूच सांग, माती नसली तर गांडूळ डब्यात किती वेळ तग धरेल? गळाला जिवंतच लागतं ना? त्याची पाठ वळताच मी दोन मुठी गाळ डब्यात टाकला. आपण सगळेच टाकतो. मग उरलेली माती पायानं खड्ड्यात लोटली. ती पुरेना. नेली होती दोन मुठी, आणि खळगा राहिला सुपाएवढा. आजूबाजूची माती ओढून घातली, तीही खाली बसली. मी वाकून बघत होतो तेव्हा मला खालून आवाज आला. ओल्या जमिनीवर तळहात फिरवावा तसा... सर्र... थांबून पुन्हा सर्र. मी डबा उचलला आणि सरळ चालू लागलो. भ्यालो होतो, त्यात लपवायचं काय.

मरळ दुसऱ्या काठाला मिळाली. राखीनं पोटभर खाल्ली. उरलेली गांडुळं होती म्हणून डबा मी मोरीजवळ ठेवला आणि विसरलो.

सकाळी उठलो तर ती मोरीपाशी मांडी घालून बसली होती. डबा मांडीवर. तोंडाला काळं लागलेलं. गरवार बायका माती खातात, हे का मला ठाऊक नाही? माझ्या आईनं चुलीची भाजकी माती खाल्लेली आहे. पण ही डब्याच्या तळाला बोट फिरवून चाटत होती, आणि गांडुळं फरशीवर नीट एका बाजूला काढून ठेवलेली होती. मी डबा हिसकावला. त्यात मातीचा कण उरला नव्हता.

"रातभर कोनी तरी सारवून राह्यलं होतं," ती म्हणाली. "असा वास आला का मले राह्यवलंच नाई."

आमच्या घरात तर अंगणापासून मोरीपर्यंत फरशी आहे.

चैत्रात पोरगी झाली. गुटगुटीत, सगळं व्यवस्थित. मी ग्यानबाला मनातल्या मनात वेड्यात काढलं. मग एके दिवशी बेबीताईनं मला मोरीत बोलावलं आणि न्हाणाच्या घमेल्यातलं पाणी दाखवलं. तळाशी चिमूटभर काळा गाळ बसला होता. घमेलं बदललं, पाणी गाळून घेतलं, बाटलीचं विकत आणलं. पोरीला न्हाऊ घातलं की तळाशी गाळ. आणि पोरगी हलकी होत चालली, अनुप. दूध पिते, झोपते, हसते, तरी काट्यावर उतरतेच. कारंज्याच्या डॉक्टरनं सगळं तपासलं. त्याला काही सापडलं नाही.

मला जे सुचलं ते मी केलं. रोजचा तो गाळ फडक्यात साठवला आणि मागच्या आठवड्यात धरणावर घेऊन गेलो. म्हटलं, तुमची माती घ्या आणि माझी लेक सोडा. हात जोडायची तयारी होती माझी. ग्यानबा खळग्याच्या काठावरच उभा होता, जणू माझीच वाट बघत. त्यानं मला फडकं सोडू दिलं नाही.

"तू कायले आनून राह्यला?" तो म्हणाला. "थे येऊन राह्यली ना आपल्या आपन."

मी खाली पाहिलं. खळगा जवळजवळ भरला होता. बोटभर खोल राहिला असेल. वरची माती ओली, गुळगुळीत, आणि तिच्यावर सारवणाचे अर्धगोल उमटलेले. भर उन्हात ओले. मी विचारलं, बाबा, हा भरला की काय होतं? त्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "इथं पाय देऊ नोको," म्हणाला, "ओलं हाय," आणि वेलींना पाणी घालायला निघून गेला.

तेव्हापासून मी पहाटे असा बाहेर बसतो. पहिला तांब्या अंगावर पडला की पोरगी जीव खाऊन रडते. मग पाणी ओतल्याचा आवाज, मग बेबीताईचं पुटपुटणं, आज पण हाय वो, आज पण हाय. ते ऐकलं की उलट मला बरं वाटतं. म्हणजे अजून थोडी बाकी आहे. बाप असून मी रोज त्या काळ्या चिमटीची वाट बघतो, यापेक्षा वाईट काय सांगू तुला?

थांब. पाणी ओतलं तिनं.

"पवनभाऊ..." बेबीताईच आहे. इतक्या हळू का बोलतेय ती? "पवनभाऊ, आज पानी साफ हाय... एकदम नितळ..."

अनुप, तू आलास तेव्हापासून पोरगी एकदा तरी रडली का? नीट आठव. आणि बोलू नकोस, जरा ऐक... आत, फरशीवर... हे सारवतंय कोण?